मुंगळ्यांनी पोखरलेली तुळई

सन २०२४ च्या ज्येष्ठाच्या अखेरीस आमच्या घोटीच्या काकूंचा निरोप आला. माजघरात, देवघराच्या अगदी समोर, रोज सकाळी लाकडाचा भुसा पडलेला दिसतो. झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच पुन्हा पडतो. आणि रात्री निजानीज झाल्यावर वरच्या तुळईत कोणी कागद चुरगाळीत असल्यासारखा आवाज येतो, असे त्यांचे म्हणणे होते. काकूंचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. यजमान गेल्यापासून त्या त्या घरात एकट्याच राहतात आणि त्यांचे अंथरूण नेमके त्याच तुळईखाली पडते. निरोपाच्या शेवटी त्यांनी एवढेच पुसले होते, "हे घर माझ्यापुरते तरी टिकेल ना?"

या प्रश्नाने आम्हांस दोन रात्री नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहकुटुंब घोटीस जाऊन दाखल झालो.

कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी मागे टाकली म्हणजे जो भातखाचरांचा मुलूख लागतो, त्यातील घोटी ही मोठी पेठ. भाताच्या गिरण्यांमुळे तिचे नाव दूरवर झालेले आहे. दक्षिणेकडे स्वच्छ दिवशी कळसूबाईचे शिखर दिसते. मात्र मृगापासून हस्तापर्यंत असा स्वच्छ दिवस क्वचितच उगवतो. इगतपुरीच्या माथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. घोटी घाटापासून थोडी पूर्वेस असल्यामुळे तिच्या वाट्यास काहीसा कमी येतो, तरी नाशिक शहरात पडणाऱ्या सुमारे सातशे मिलिमीटरच्या मानाने तो कितीतरी पट होय. अशा पावसात उभी असलेली जुनी घरे म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, सागाचे खांब व तुळया, वर वासे आणि कौले. ही घरे पाण्यास भीत नाहीत, परंतु पाणी आत साचून राहिले तर मात्र त्यांचा नाइलाज होतो. हे वाक्य आमचे नव्हे, काकूंच्या दिवंगत यजमानांचे आहे. त्याचा खरा अर्थ आम्हांस पुढे आठ दिवसांनी कळला.

आम्ही पोहोचलो तेव्हा घराचा निकाल जवळजवळ लागलेला होता. मुंबईच्या चुलतबंधूंनी दूरध्वनीवरूनच निदान केले होते की, ही वाळवी होय. गावातील एका ठेकेदाराने तुळईवर दोन ठोके मारून, "आतून पोकळ झाली, उद्या-परवा खाली येईल," असे सांगितले होते. घर उतरवावे, जागेवर तीन मजली इमारत उभारावी आणि तोवर काकूंस आमच्या नाशिकच्या बिऱ्हाडी हलवावे, असा बेत ठरत होता. त्याआधीच बंधूंनी शहरातून एक फवारणीवालाही पाठविला होता. त्याने तुळईवर व भिंतीवर उग्र वासाचे औषध मारले. दुसऱ्या दिवशी सूपभर मेलेले मुंगळे निघाले. काकूंचे डोळे दोन दिवस चुरचुरले. आणि पाचव्या दिवशी न्हाणीघराच्या चौकटीखाली भुशाचा दुसरा ढीग दिसू लागला. फवारणीवाल्याने पुन्हा येण्याचे पुन्हा पैसे मागितले.

येथेच आमच्या मनात पहिला संशय उभा राहिला. मेले ते मुंगळे आणि निदान वाळवीचे, हे कसे? आम्ही आयुष्यभर शाळेत सृष्टिविज्ञान शिकविले असल्यामुळे भिंग नेहमी जवळ असते. माजघरातील भुसा पांढऱ्या कागदावर घेऊन आम्ही खिडकीपाशी बसलो. त्यात लाकडाचे बारीक तंतू होते, जणू कोणी रंध्याने नव्हे तर नखांनी खरवडून काढलेले. आणि त्यांच्याबरोबर किड्यांचे पाय, झुरळाच्या पंखाचा तुकडा व कोशांची रिकामी तपकिरी टरफले होती. हा भुसा म्हणजे कोणाच्या तरी घरातील केर होता, अन्नाचे अवशेष नव्हेत.

हा भेद प्रत्येक गृहस्थाने व गृहिणीने जाणून घ्यावा असा असल्यामुळे येथे थोडे थांबतो. आपल्याकडील नेहमीची वाळवी जमिनीतून येते, उजेडास भिते, म्हणून भिंतीवरून मातीच्या नळ्या बांधीत चढते आणि लाकूड खरोखरच खाते. खाल्लेल्या जागी ती माती भरते. भुसा बाहेर टाकीत नाही. सुक्या लाकडात राहणारी वाळवीची दुसरी एक जात आहे; तिच्या भोकाखाली खसखशीसारखे कडक, सुटे दाणे पडतात. लाकूड पोखरणारे भुंगेरे असतील तर टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांतून मैद्यासारखी मऊ पिठी गळते. आणि मुंगळ्यांचा भुसा वर सांगितल्याप्रमाणे खरबरीत व कचरामिश्रित असतो. मुंगळ्यांचे बोगदे उघडून पाहिल्यास आतून पालिश केल्यासारखे गुळगुळीत व स्वच्छ आढळतात. वाळवीचे बोगदे चिखलाने लिंपलेले असतात.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, त्यांच्या बाबतीतही हीच गफलत होते. वाळवीच्या पंखवाल्यांचे चारही पंख सारख्या लांबीचे असून सहज गळतात, कंबर जाड असते आणि मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या. पंखवाल्या मुंगळ्याची कंबर बारीक, पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब आणि मिशा कोपरात वाकविलेल्या हातासारख्या. वस्तुतः वाळवी ही मुंगी नव्हेच. तिचे जवळचे नाते झुरळांशी आहे. 'व्हाइट अँट' या इंग्रजी नावाने घोटाळा करून ठेवला, आणि आपण त्याचे भाषांतर 'पांढरी मुंगी' असे करून तो पक्का केला.

आता या मुंगळ्यांविषयी. देशावर कोणी यास डोंगळा म्हणतात, कोणी मुंगळा. गुळाला चिकटून बसण्याबद्दल त्याने म्हणीतही जागा मिळविली आहे. शास्त्रज्ञ ज्या कुलास 'कॅम्पोनोटस' म्हणतात, त्यातील हा होय. हे नाव गुस्ताफ माइर या ऑस्ट्रियन पंडिताने १८६१ साली दिले आणि जगभर या कुलाच्या हजाराहून अधिक जाती आज ठाऊक आहेत. आपल्याकडील सर्वांच्या परिचयाचा मोठा काळा मुंगळा म्हणजे 'कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस'. त्याचे वर्णन फॅब्रिशियसने १७८७ सालीच केले होते. आपल्या इलाख्यातील मुंग्यांचा पद्धतशीर अभ्यास जंगलखात्यातील रॉटन नावाच्या अधिकाऱ्याने केला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ साली 'आमच्या मुंग्या' अशा अर्थाच्या मथळ्याखाली त्याचे लेख आले आणि त्याने गोळा केलेले नमुने स्वित्झर्लंडच्या फोरेल या पंडिताने तपासले. पुढे १९०३ साली बिंगहॅम याचा हिंदुस्थानातील मुंग्यांवरील ग्रंथ निघाला. ज्या प्राण्यास आपण केरसुणीच्या फटक्याने निकालात काढतो, त्याच्यासाठी कोणी जंगलांतून वर्षानुवर्षे हिंडत होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पाश्चात्य देशांत यांना सुतार मुंग्या म्हणतात. उत्तर अमेरिकेतील काळी सुतार मुंगी घराच्या लाकडात बोगदे कोरते आणि तेथील लाकडी घरांना तिचा उपद्रव फार. परंतु सुतारसुद्धा लाकूड खात नाही, तद्वत ही मुंगीही खात नाही. तिला लाकूड पचविता येत नाही. तिचे अन्न म्हणजे गोड रस, मेलेले व मारलेले किडे आणि आपल्या डब्यांतील साखर. तिच्या पोटात एक प्रकारचे जंतू पिढ्यान्‌पिढ्या राहतात; ब्लॉखमन या जर्मन शास्त्रज्ञाने ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पाहिले. ते लाकूड पचविण्यास उपयोगी पडत नाहीत. साखरेसारख्या निकस आहारावर राहणाऱ्या मुंगीस प्रथिनांचे आवश्यक घटक तयार करून देतात, एवढेच त्यांचे काम. लाकूड तिला हवे असते ते केवळ राहावयास. आणि राहावयाचे लाकूडही ती ओले, कुजून मऊ पडलेले पाहून निवडते. तेथून कोरीत कोरीत बाजूच्या चांगल्या लाकडात थोडीफार शिरते. आपला काळा मुंगळा तर याहून साधा. त्याचे मुख्य घर बहुधा जमिनीत, एखाद्या झाडाच्या बुंध्याशी असते. वाळलेल्या, निकोप सागवानात शिरण्याची त्यास हौसही नाही व गरजही नाही.

मग तो तुळईत शिरला कसा? आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म या एका प्रश्नात होते, आणि तो प्रश्न ठेकेदाराने, फवारणीवाल्याने किंवा बंधूंनी विचारलाच नव्हता.

त्या रात्री आम्ही काकूंचे पितळी फुलपात्र तुळईस लावून, त्याच्या बुडाशी कान देऊन ऐकत बसलो. मध्यभागी शांत होते, देवघराच्या बाजूसही शांत. मागील भिंतीत तुळईचे जे टोक बसविले आहे त्या बाजूने मात्र स्पष्ट खसखस ऐकू आली. बोटाने टकटक करताच ती क्षणभर वाढली. संकट कळविण्यासाठी या मुंग्या जबड्याने व पोटाने लाकडावर ठोके देतात; एकीचे ठोके पायांतून दुसरीस समजतात. आमच्या कुटुंबाने मागून येऊन, "दुसऱ्याच्या घरात काय चालले आहे ते कान लावून ऐकू नये," असा शेरा मारला.

हे प्राणी बहुतांशी तिन्हीसांजेनंतर कामास निघतात. पाऊस उघडलेली एक रात्र साधून आम्ही विजेरीस तांबडा कागद गुंडाळला (तांबडा उजेड मुंग्यांना फारसा दिसत नाही, म्हणून त्या बुजत नाहीत) आणि तुळईच्या टोकातून निघालेल्या रांगेच्या मागे लागलो. रांग भिंतीच्या माथ्यावरून वाशावर चढली, वाशावरून वळचणीस गेली आणि तेथून परसातील जुन्या आंब्याच्या फांदीवर उतरली. ती फांदी कौलांवर सरळ टेकलेली होती. पुलाचे काम ती उत्तम करीत होती. फांदीवरून बुंध्याकडे जावे तो मुळाशी मोठे वारूळ. आंब्याच्या कोवळ्या डिरांवर तुडतुडे व पिठ्या ढेकूण बसलेले. त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस मुंगळे गवळ्याने धार काढावी तसे गोळा करीत होते. मुलास जेवावयास बोलाविताना जशी आई पाठीवर हलकेच थाप मारते, तशी मुंगळा त्या किड्याच्या पाठीवर मिशांनी थाप देतो आणि किडा रसाचा थेंब सोडतो. हा देखावा पाहात आम्ही अर्धा तास भिजत उभे होतो, हे येथे कबूल करतो.

राणी होती ती आंब्याखाली. तुळईतले बिऱ्हाड ही नुसती शाखा. या मुंग्यांची ही रीतच आहे: मुख्य घरी राणी, अंडी व अगदी लहान अळ्या, कारण त्यांस ओलावा फार लागतो, मोठ्या झालेल्या अळ्या व कोश मात्र जवळच्या उबदार जागी ठेवावयाचे. पहिल्या पावसात उडून गेलेली एकटी राणी पंख तोडून टाकते, बिळात स्वतःस कोंडून घेते आणि अन्नाचा कण न घेता, पंखांच्या निरुपयोगी झालेल्या स्नायूंच्या शिदोरीवर पहिली पिढी वाढविते. त्यातून संसार उभा राहण्यास वेळ लागतो. अमेरिकेतील जातीत वारुळातून पंखवाले बाहेर पडू लागेपर्यंत तीन ते सहा वर्षे जातात. सबब एखाद्या घरात आतल्या बाजूने पंखवाले मुंगळे निघू लागले, तर ते कालपरवाचे पाहुणे नव्हेत असे समजावे.

तुळईवर मारलेल्या औषधाचा उपयोग का झाला नाही, हेही यावरून उघड होते. जे मेले ते बाहेर वावरणारे कामकरी. उरलेल्यांनी कोश तोंडात धरले आणि न्हाणीघराची ओली चौकट गाठली. आंब्याखाली राणी अंडी घालीतच होती.

दुसऱ्या दिवशी गावातील एक वयस्क सुतार आम्ही बोलाविला आणि त्यास शिडीवरून कौलांत चढविले. तो दोन मिनिटांत खाली उतरला व म्हणाला, "भाऊ, वरती तीन कौले फुटली आहेत, चौथे सरकले आहे. फांदीने सरकविले. पाणी वाशावरून थेट तुळईच्या डोक्यात उतरते." मग हळूच त्याने विचारले, "शाकारणी केव्हा झाली?"

काकूंनी बोटे मोजली. यजमान गेले त्या वर्षापासून झाली नव्हती. म्हणजे चार पावसाळे.

पूर्वी वैशाख संपत आला की हे काम ठरलेले असे. फुटकी कौले बदलावयाची, सरकलेली बसवावयाची, पन्हळीतील पाला काढावयाचा, छपरावर आलेल्या फांद्या छाटावयाच्या. मुले मुंबई-नाशिकास गेली, घरात वृद्ध माणसे राहिली आणि ज्यांनी शिडीवर चढावयाचे ते गणपतीस दोन दिवस येऊन मोदक खाऊन परत जाऊ लागले. आम्हीही त्यांतलेच. चार वर्षे गणपतीस आम्ही त्याच तुळईखाली जेवावयास बसलो होतो आणि वर मान करून पाहिले नव्हते.

सुताराने भिंतीतील टोकाभोवतीची माती उकरली. टोकाचे सुमारे हातभर लाकूड कुजून भिजलेल्या पावासारखे झाले होते. त्यात मुंगळ्यांचे दालनांमागून दालन असे घर. परंतु त्या हातभरापलीकडे किकऱ्याचे टोक दाबूनही शिरेना. सागाचा गाभा होता तो. त्याच्या अंगच्या तेलांमुळे कीड व बुरशी त्यास सहसा लागत नाही. पूर्वीच्या सुतारांनी बाहेरचे पांढुरके लाकूड तासून निव्वळ गाभा बसविला होता. ठेकेदारास जो पोकळ आवाज ऐकू आला, तो या एका हाताचा. खात्रीसाठी आम्ही नाशिकच्या एका स्थापत्य अभियंत्यासही आणून दाखविले, आणि तसे करावे अशी आमची प्रत्येकास सूचना आहे. डोक्यावरच्या तुळईविषयी शाळामास्तराच्या भिंगावर विसंबून राहू नये. त्यांनी धिरे देऊन, कुजका भाग कापून, नवा सागाचा तुकडा लोखंडी पट्ट्यांनी व बोल्टांनी सांधण्यास सांगितले. उरलेली तुळई निकोप ठरली. न्हाणीघराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग तेवढा बदलावा लागला.

आता खरा वाद उपस्थित झाला, आणि तो काकूंनी उपस्थित केला. टाकणखाराचे आमिष ठेवून आंब्याखालचे वारूळ संपवावे, असे आम्ही सुचविले. काकूंनी ते साफ नाकारले. त्यांच्या सासूबाई दर सकाळी रांगोळी झाल्यावर आंब्याच्या बुंध्याशी चिमूटभर साखर व कणीक टाकीत. पुढे तो नेम काकूंनी चालविला. "ज्यांस पन्नास वर्षे मी साखर घातली, त्यांसच आता साखरेतून विष घालू?" त्यांचा प्रश्न आम्हांस निरुत्तर करणारा होता. धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने मोजून दाखविली आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. नकळत मरणाऱ्या जिवांबद्दल पंचमहायज्ञ सांगितले आणि त्यांत भूतयज्ञाचा घास ठेविला. परंतु ती नकळत घडणारी हिंसा. ही समजून उमजून. उलट, म्हातारपणी कोसळणाऱ्या तुळईखाली निजावे असेही कोणत्या शास्त्रात सांगितलेले नाही, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "तुळई मुंगळ्यांनी नाही रे कुजविली. आपण कुजविली."

हे बोलणे शास्त्रदृष्ट्याही बिनचूक होते. म्हणून आम्ही क्रम बदलला. आधी कौले बसविली. मग कुजके टोक उघडून वाऱ्यास मोकळे ठेविले आणि फांदी मुद्दाम दोन रात्री तशीच राहू दिली. पहिल्या रात्रीच स्थलांतर सुरू झाले. शेकडो मुंगळे, प्रत्येकाच्या तोंडात तांदळाच्या दाण्याहून मोठा पिवळसर कोश, वाशावरून फांदीकडे चाललेले. अशी आमच्या पाहण्यातील सर्वांत शिस्तीची बिऱ्हाडबदली ती होय. तिसऱ्या दिवशी तुळईचे टोक ओसाड पडले. तेव्हा सुताराने ते कापले आणि गड्याने फांदी छाटली. चौकटीतले मुंगळे जावयास आणखी आठवडा लागला.

प्रत्येक घरी हे इतक्या सुखाने पार पडेल असे नाही. वारूळच भिंतीच्या पोटात असेल, किंवा राणीच लाकडात असेल, तर आमिषावाचून उपाय उरत नाही. ते करण्याची रीत अशी. अर्धा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम साखर विरघळवावी आणि त्यात पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर, टाकणखार किंवा बोरिक ॲसिड घालावे. यापेक्षा अधिक घालण्याचा मोह टाळावा. तीव्र आमिष खाऊन मुंगळा वाटेतच मरतो. सौम्य आमिष तो पोटात घेऊन घरी जातो आणि तेथे तोंडातून तोंडात वाटतो, त्यामुळे ते अळ्यांपर्यंत व राणीपर्यंत पोहोचते. या मिश्रणात कापूस भिजवून तो छिद्रे पाडलेल्या डबीत घालावा व डबी रांगेच्या वाटेवर ठेवावी. पहिले दोन-तीन दिवस मुंगळे उलट वाढलेले दिसतील. घाबरू नये आणि त्या वाटेवर दुसरे औषध मारू नये. परिणामास कित्येकदा काही आठवडे लागतात. डबीवर ठळक 'विष' लिहावे आणि ती मुलांच्या व मांजरांच्या आवाक्याबाहेर असावी, हे सांगावयास नकोच. तरी सांगतो, कारण स्वयंपाकघरातील साखरेच्या पाण्यासारखेच ते दिसते.

रॉकेल ओतणे हा जुना उपाय आगीस आमंत्रण आहे. लाकडी घरात तर विचारूही नये. कीटकनाशकाचे खडू मुलांस पाटीच्या खडूसारखे वाटतात. आणि माळ्यावर जुन्या डब्यात गॅमेक्झेनची, म्हणजे बी. एच. सी. ची, भुकटी निघाली तर तिला हात लावू नये. एके काळी ती घरोघरी शिंपडीत असत. तिचे अंश दीर्घकाळ नष्ट होत नाहीत, म्हणून आपल्या देशात १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे.

शहरातील वाचकांनी, आमच्या घरात तुळईच नाही, असे म्हणून पान उलटू नये. सिमेंटच्या घरातही न्हाणीघराची लाकडी चौकट, मोरीखालचे प्लायवुडचे कपाट, खिडकीची सदा भिजणारी फळी, पोकळ दारे ही सारी मुंगळ्यांच्या दृष्टीने सोयीची ठिकाणे आहेत. तेथे भुसा दिसला तर औषधाच्या आधी गळका नळ शोधावा. कुंडीतील जास्वंदीवर पांढरे पिठ्या ढेकूण असतील तर ते साबणाच्या पाण्याने धुवावेत, म्हणजे मुंगळ्यांचे अर्धे येणेजाणे थांबते. जळाऊ लाकडे, खोकी, भाताच्या तुसाची पोती भिंतीस टेकवून ठेवू नयेत. फडताळाच्या पायांखाली दगडी वाट्यांत पाणी ठेवण्याची आजीबाईंची पद्धत आजही उत्तम; मात्र ते पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावे, नाही तर मुंगळे जाऊन डास येतील.

मुंगळा चावल्यास भिण्याचे कारण नाही. त्यास नांगी नसते. तो जबड्याने चावा घेऊन त्या जागी आम्ल सोडतो, म्हणून आग होते. साबणपाण्याने धुतले की बहुधा भागते. त्याची पकड मात्र विलक्षण. धड तुटले तरी डोके सुटत नाही. या गुणाचा उपयोग आपल्या पूर्वजांनी करून घेतला होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, आतड्यास छिद्र पडले असता त्याच्या कडा जुळवून काळ्या मुंग्यांकडून चावा घेववावा आणि मग धड तोडून डोकी तशीच राहू द्यावीत, असा विधी सांगितला आहे. आज शस्त्रवैद्य धातूच्या चिमट्यांनी आतडे सांधतात. त्या चिमट्यांच्या कितीतरी आधी हे टाके घातले गेले. काकूंस हे वाचून दाखविले तेव्हा त्यांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की, टाकणखाराचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

घर उतरविण्याचा बेत तूर्त मागे पडला आहे. सुताराची मजुरी, साग, बोल्ट व कौले मिळून जो खर्च आला तो आम्ही चारही भावांनी वाटून घेतला; मुंबईच्या बंधूंनी आपला वाटा किंचित कुरकुरत, पण दुसऱ्याच दिवशी पाठविला. सन २०२५ च्या वैशाखात शाकारणीसाठी आम्ही दोघे भाऊ स्वतः घोटीस गेलो. एकाने शिडी धरली व दुसरा चढला. कोण चढला हे वयाच्या मानाने सांगण्यासारखे नाही. तीन कौले बदलली. तुळईचा सांधा कोरडा होता. आंब्याच्या फांदीस नवे धुमारे फुटून ते पुन्हा कौलांकडे झुकू लागले होते, ते छाटले. खाली बुंध्याशी काकूंनी घातलेल्या कणकेभोवती मुंगळ्यांची गर्दी होती.